कडूवेल आणि सकाळची गोळी

प्रयोगशाळेत तिला सगळे मुळीबाई म्हणत. सहा वर्षं एकाच वेलीच्या मुळ्या सुकवायच्या, कुटायच्या, अल्कोहोलमध्ये भिजवायच्या आणि त्यांचा अर्क काढायचा, एवढाच उद्योग केल्यावर माणसाला दुसरं कुठलं नाव पडणार? त्या वेलीला शास्त्रातलं लांबलचक नाव होतं, ते वह्यांमध्ये होतं. बोलताना ती नुसतं कडूवेल म्हणायची. मुळीची साल इतकी कडू, की कुटताना उडालेली पूड ओठाला लागली तर दुपारचा चहासुद्धा कडू लागायचा.

काम सांगायला सोपं होतं. रक्ताच्या कॅन्सरच्या पेशी बाटलीत वाढवायच्या, बारीक बारीक खळग्यांच्या प्लेटमध्ये थेंबाथेंबाने घालायच्या, वरून अर्क सोडायचा आणि दोन दिवस उबदार कपाटात ठेवून द्यायच्या. मग एक पिवळा रंग घालायचा. खळग्यातल्या पेशी जिवंत असल्या तर रंग जांभळा होतो. मेल्या असल्या तर पिवळाच राहतो. सहापैकी पाच वर्षं तिने जांभळं सोडून काही पाहिलं नव्हतं. जांभळ्या रंगाची साडी बघितली तरी तिच्या कपाळाला आठी पडायची.

सहाव्या वर्षी एका सकाळी तिने प्लेट उजेडाकडे धरली, तर खालच्या तीन ओळी पिवळ्याधमक. आधी तिला वाटलं, रंगच घालायचा राहिला. तिने पुन्हा केलं. आठवडाभराने पुन्हा. सात वेळा केलं, सातही वेळा पिवळं. त्या दिवशी ती जिन्यात एकटीच उभी राहून हसली.

हसू पंधरा दिवस टिकलं. मग तिने तोच अर्क निरोगी रक्ताच्या पेशींवर सोडला, आणि तिथेही निम्मे खळगे पिवळे निघाले. चोरासाठी उगारलेली काठी घरधन्याच्या डोक्यातही बसत होती. अर्क कमी केला की चोर वाचायचा, वाढवला की घरधनी मरायचा. मधली जागा होती, पण सुईच्या नेढ्याएवढी.

तिचे सर मनाने चांगले होते, फक्त त्यांची निवृत्ती दोन वर्षांवर आली होती. त्यांनी एका बातमीदाराला बोलावलं. तिने त्याला तीन वाक्यं तीन-तीनदा सांगितली. "हे प्लेटमधलं आहे, माणसातलं नाही. निरोगी पेशीसुद्धा मरताहेत. औषध व्हायला अजून कितीतरी वर्षं लागतील, कदाचित होणारही नाही." बातमीदाराने मान डोलवत सगळं लिहून घेतलं. तिच्या हातात काचेचा चंबू देऊन फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी पेपरात मोठ्या अक्षरांत आलं, 'रक्ताच्या कॅन्सरला वेलीचा वेढा'. चंबू हातात घेऊन ती हसत होती. तिच्या तीन वाक्यांतलं एकही त्यात नव्हतं.

"सर, हे काय आहे?" तिने विचारलं.

"अगं, जागा कमी असते त्यांच्याकडे," सर म्हणाले. "फोटो छान आलाय की तुझा."

बाजारात तुरी म्हणतात ती गत. आणि त्या तुरीवरून पहिलं भांडण झालं ते तिच्याच घरात.

तिचा थोरला भाऊ आणि वहिनी त्याच इमारतीत तळमजल्यावर राहत. ती तिसऱ्या मजल्यावर एकटी. पण जेवायला रोज खाली. दादा गाडी चालवायला शिकवायचा. तीस वर्षं शेजारच्या सीटवर बसून, पायाखालच्या जादा ब्रेकवर भरवसा ठेवून त्याने अर्ध्या गावाला रस्त्यावर आणलं होतं. तीन वर्षांपूर्वी त्याला थकवा यायला लागला, रक्त तपासलं आणि रक्ताचा कॅन्सर निघाला. सावकाश वाढणारा, गोळीला दाद देणारा. रोज सकाळी एक गोळी, न चुकता, बहुधा जन्मभर. दर तीन महिन्यांनी रक्तातल्या बिघडलेल्या पेशींचा आकडा यायचा. पहिल्या वर्षात तो असा खाली आला, की डॉक्टर म्हणाल्या, "हे घेत राहा आणि म्हातारे व्हा."

पण गोळी फुकट काही देत नव्हती. सकाळी दादाच्या पापण्या सुजून यायच्या. शिकाऊ मुलं त्याला पाठीमागे बेडूकमास्तर म्हणत. आणि पोटऱ्यांत पेटके. एकदा ऐन वळणावर पेटका आला, पाय ब्रेकवर पोचलाच नाही, आणि शिकाऊ बाईने गाडी थेट कचऱ्याच्या डब्यावर घातली. दादा ते हसत हसत सांगायचा. वहिनी हसायची नाही. वहिनी शाळेच्या ऑफिसात कारकून होती. सगळं वेळच्या वेळी, सगळं फाइलला. आठाच्या ठोक्याला गोळी आणि पाण्याचा ग्लास घेऊन ती दादासमोर उभी राहायची आणि त्याने गिळेपर्यंत हलायची नाही.

पेपर आला त्या संध्याकाळी वहिनीने ताटं वाढली आणि कात्रण टेबलावर ठेवलं.

"वन्सं, एवढं मोठं काम केलंत आणि घरात एका शब्दाने बोलला नाहीत?"

"वहिनी, त्यात लिहिलंय तसं काही नाहीये गं."

"फोटो तुमचाच आहे ना?"

"फोटो माझा आहे. बाकी सगळं पुढचं-मागचं कापलंय."

वहिनीने खुर्ची ओढली. "मी जास्त मागत नाही. ह्यांच्यापुरतं, एवढीशी बाटली. रोजचे दोन थेंब. गोळी बंद करायचं म्हणत नाहीये मी, सोबत द्यायचं. त्यांच्या पोटऱ्या मी रोज रात्री चोळते, वन्सं. तुम्ही नाही चोळत."

"देता येत नाही, वहिनी. त्याने चांगल्या पेशीही मरतात. प्लेटमध्ये जे होतं ते माणसात..."

"जगाला द्यायला आहे, घरच्याला नाही!"

"जगालाही नाहीये!"

"शहाणे," दादा मधे पडला. लहानपणापासून तो तिला शहाणे म्हणायचा, निम्मं कौतुकाने, निम्मं चिडवायला. "तिला ओरडू नकोस. आणि तू पण, अगं, तिची नोकरी घालवशील. जेवा आता."

ती जेवली. घास तोंडात फिरत होता. सहा वर्षांत तिला कुणी औषध मागितलं नव्हतं. मागितलं ते घरच्याच माणसाने, आणि हो म्हणायची सोय नव्हती. आपलेच दात, आपलेच ओठ. कुणाला चावायचं?

त्यानंतर चार महिने तसे बरे गेले. काम जिथल्या तिथे रुतून बसलं होतं, घोडं काही केल्या पुढे जात नव्हतं. पण घरी एक चांगली गोष्ट घडत होती. दादाची सूज उतरली. पापण्या सरळ झाल्या, चेहरा जुन्या फोटोतल्यासारखा दिसायला लागला. पेटके थांबले. तो दिवसाचे चार शिकाऊ घ्यायचा ते सहा घ्यायला लागला.

"शरीराला गोळीची सवय झाली असेल," ती म्हणाली, आणि मनापासून खूश झाली. भाजी वाढताना वहिनीच्या चेहऱ्यावर एक छुपं समाधान होतं. तेव्हा ते मुळीबाईच्या लक्षात आलं नाही. नंतर मात्र ते तिला पुन्हा पुन्हा आठवत राहिलं.

मग तिमाही रिपोर्ट आला. आकडा वर गेला होता. थोडाथोडका नाही, तीस पट.

डॉक्टरांच्या खोलीत तिघंही बसली होती. डॉक्टर मोजकं बोलणाऱ्या बाई, टेबलावर कागदाशिवाय काही नाही.

"गोळ्या चुकवताय?"

"एकही नाही," वहिनी म्हणाली. "माझ्या हाताने देते. रिकामी पाकिटंसुद्धा आणलीयेत." आणि तिने खरोखर पिशवीतून रबर लावलेली पाकिटांची चळत काढली.

डॉक्टरांनी ती उलटून पाहिली. "दुसरं काही औषध चालू आहे?"

"नाही," दादा म्हणाला.

"मग आज गोळीची रक्तातली पातळी बघू. काही वेळा रोगच गोळीला दाद देईनासा होतो. तसं असेल तर वेगळा विचार करावा लागेल." वेगळा विचार म्हणजे काय, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

घरी येताना गाडी दादाच चालवत होता. सिग्नलला थांबल्यावर म्हणाला, "बघ, पेटके नाहीत, सूज नाही, एवढा ठणठणीत मी तीन वर्षांत नव्हतो. आणि आकडा म्हणतो मी मरायला टेकलोय. आकड्यालाच झालंय काहीतरी." मागे बसलेली वहिनी खिडकीबाहेर बघत होती.

चार दिवसांनी पातळीचा रिपोर्ट आला. रक्तात असायला हवी त्याच्या निम्म्याहून कमी गोळी होती. आत जात होती पुरी, उरत होती निम्मी. उरलेली जात कुठे होती?

ह्याचं उत्तर तिला मिळालं ते प्रयोगशाळेच्या फाटकापाशी, आणि तेही न विचारता. एक म्हातारा गृहस्थ पहारेकऱ्याशी हुज्जत घालत होता. तिला बघून त्याने फोटोतला चेहरा ओळखला आणि पिशवीतून एक तपकिरी बाटली काढली.

"बाई, नुसतं सांगा, जेवणाआधी घ्यायचं की नंतर? दुकानदार म्हणतो आधी, सून म्हणते नंतर. माझ्या मुलासाठी आहे."

बाटलीवर छापलं होतं, 'कडूवेल काढा. प्रयोगशाळेत सिद्ध.' खाली दुकानाचा पत्ता, चार रस्ते सोडून.

"हे आमचं नाही, आजोबा. हे घेऊ नका. मुलाच्या डॉक्टरांना दाखवा."

"पण फोटो तुमचाच आहे ना दुकानात?" म्हातारा गोंधळून म्हणाला.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एप्रन न काढताच ती चार रस्ते तुडवत निघाली.

दुकान चिंचोळं, छतापर्यंत खणांचं. खणांवर साली, बिया, काटक्यांची नावं लिहिलेली. गल्ल्यामागच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत पेपरातलं कात्रण. चंबू हातात घेऊन ती स्वतःकडेच बघून हसत होती.

दुकानदार उठून उभा राहिला. खरोखर आनंद झाल्यासारखा. "या, या! तुमचे पाय दुकानाला लागले!"

"ते कात्रण काढा. आणि बाटल्याही. हा काढा कशावर सिद्ध झालाय?"

"मी कुठे काय म्हणतोय, बाई? पेपर म्हणतो. मी एक अक्षर खोटं छापलेलं नाही. प्रयोगशाळेत तुम्ही सिद्ध केलंत, वेल तीच आहे, काढा मी केला."

"मी अर्क प्लेटमधल्या पेशींवर टाकला! माणसाला दिलेला नाही! त्याने काय होतं हे मलाच माहीत नाही, तर तुम्हाला कुठून माहीत असणार?"

"असं कसं म्हणता?" दुकानदाराने आवाज खाली आणला, समजूत काढावी तसा. "तुमच्याच घरात चालू आहे की. तुमच्या वहिनी दर पंधरवड्याला दोन बाटल्या नेतात. मी सगळ्यांना तेच सांगतो. त्या बाईंचा सख्खा भाऊ घेतो, मग तुम्हाला कसली भीती!"

इतका वेळ ती दुकानदारावर ओरडत होती आणि आता ओरडायला जागाच उरली नव्हती. बाहेर पडताना दार बाहेर ढकलायचं की आत ओढायचं हेही तिला कळेना. दोनदा उलटंच ढकललं.

शाळेचं ऑफिस पाचला सुटायचं. साडेपाचला ती तळमजल्यावर बसून होती. वहिनी आली, पर्स ठेवली आणि नणंदेच्या चेहऱ्याकडे बघून समजली.

"कुठे ठेवल्यात बाटल्या?" तिने विचारलं.

वहिनीने काही आडपडदा ठेवला नाही. स्वयंपाकघरातल्या वरच्या कपाटातून अर्धी भरलेली बाटली आणून टेबलावर ठेवली. "मी तुमच्याकडे मागितलं होतं. तुम्ही दिलं नाहीत. म्हणून बाहेरून आणलं."

"डॉक्टरांनी विचारलं, दुसरं काही औषध घेता का..."

"मी काढ्याला औषध समजलोच नाही गं," दादा सोफ्यावरून म्हणाला. "चहासारखं आहे ते. भयंकर चहासारखं."

"तू गप्प बस!" दोघी एकदमच म्हणाल्या.

मग वहिनी बोलायला लागली, आणि एकदा लागल्यावर थांबली नाही. "तुम्ही प्लेटमध्ये बघता, वन्सं. मी माणूस बघते. काढा सुरू केला आणि तिसऱ्या आठवड्यात सूज उतरली. महिन्यात पेटके गेले. ते रात्रभर झोपले, मी रात्रभर झोपले. हे काय मी स्वप्नात पाहिलं? तुम्हीच म्हणालात ना, चेहरा सुधारला म्हणून? तुमच्याच वेलीने सुधारला. तुमचा तुमच्या कामावर विश्वास नसेल, माझा होता!"

हे शेवटचं वाक्य तिला सगळ्यांत जास्त लागलं. कारण ह्या सहा वर्षांत असं कुणीच म्हणालं नव्हतं. आणि म्हणालं ते ह्या वेळी, ह्या कारणासाठी.

"वहिनी," ती सावकाश म्हणाली, "ऐक. सूज गोळीमुळे यायची. पेटकेही गोळीमुळे. ते थांबले, कारण गोळीच अंगात राहीनाशी झाली. काढ्याने त्याचं लिव्हर चेकाळलंय. सकाळची गोळी दुसऱ्या सकाळपर्यंत पुरायची, तिचा आता संध्याकाळपर्यंतच फडशा पाडून ते मोकळं होतंय. दादाला बरं वाटत होतं, ते आजार हटला म्हणून नाही. औषध हटलं म्हणून."

दादाने आपल्या पोटरीवरून हात फिरवला.

"हे तुम्हाला नक्की माहीत आहे?" वहिनीने विचारलं. तिचा आवाज कोरडा होता.

तिला खोटं बोलता आलं असतं. हो म्हटलं असतं तर काम सोपं झालं असतं. "नक्की नाही. पण दुसरं काही जुळत नाही. नक्की करायला मला तीन आठवडे लागतील. काढा मात्र आजच बंद."

"प्रत्येक वेळी नक्की नाही, नक्की नाही," वहिनी म्हणाली. "त्या दुकानदाराला सगळं नक्की माहीत असतं." तिने बाटली उचलली, मोरीत उपडी केली आणि नळ सोडला. ते दोघींचं शेवटचं मोकळं बोलणं. त्यानंतर वहिनी तिच्याशी ताट वाढण्यापुरतीच बोलू लागली.

डॉक्टरांना तिने त्याच संध्याकाळी फोन केला. त्या म्हणाल्या, "चला, कारण तरी सापडलं. बंद करा आणि महिन्याने पुन्हा पातळी बघू." मग थोडं थांबून, "ती बातमी तुमची होती का?" तिने हो म्हटलं. पलीकडून उसासा ऐकू आला. "माझ्याकडे आणखी दोघं आहेत असे. आता विचारते त्यांना."

तीन आठवडे तिने दुसरं काही केलं नाही. शेजारच्या विभागातून लिव्हरच्या पेशी मागून आणल्या. त्यांना एका बाजूला तिचा अर्क दिला, एका बाजूला दुकानातून आणवलेला काढा, एका बाजूला नुसतं पाणी. मग सगळ्यांत दादाची गोळी विरघळवून घातली आणि तासातासाने किती उरली ते मोजलं. पाण्याच्या पेशींनी गोळी सावकाश संपवली. काढ्याच्या पेशींनी दुप्पट वेगाने. आणि तिच्या स्वतःच्या अर्काच्या पेशींनी, ज्या अर्कासाठी तिने सहा वर्षं ओठ कडू करून घेतले होते त्याच्या पेशींनी, अडीचपट वेगाने.

म्हणजे दुकानदाराने निदान वेल तरी खरी वापरली होती. ह्यावर रागवावं की हसावं, तिला ठरवता येईना.

सरांनी आलेख दोनदा पाहिला. चष्मा काढून पुसला. "काम चोख आहे. पण हे आत्ता कशाला काढतेस? पुढच्या टप्प्याचा अर्ज समितीपुढे आहे. उंदरांवरच्या प्रयोगांना परवानगी मिळू दे, मग लिही सावकाश."

"सर, लोक आत्ता पिताहेत."

"ते काय आपण पाजलं?"

"फोटो माझा आहे."

"फोटोला काय एवढं..."

"सर, माझ्या भावाचा आकडा तीसपट झाला!" ती ओरडलीच. पलीकडच्या खोलीत अर्क आटवणारा फिरता चंबू घरघरत होता, त्याच्याजवळचं माणूस मान वर करून बघायला लागलं. "मी बातमीदाराला सांगितलं, त्याने कापलं. दुकानदाराला सांगितलं, तो म्हणतो पेपर खोटा कसा. घरी सांगितलं, तर मला माझ्याच कामावर विश्वास नाही म्हणतात. आता तुम्हाला सांगतेय, तर तुम्ही म्हणता सावकाश. मी बोलतेय कुठल्या भाषेत?"

सरांनी आलेख तिच्याकडे परत सरकवला. मग म्हणाले, "लिही. माझं नाव शेवटी घाल." आणि समितीला त्यांनी स्वतःच पत्र लिहिलं, की नवीन माहिती आली आहे, अर्जात ती जोडावी. समितीने अर्ज परत पाठवला. वर्षभर तरी उंदीर नाहीत.

तिचा लेख एका लहानशा नियतकालिकात छापून आला. तिने तो त्याच बातमीदाराला पाठवला. त्याचं उत्तर सभ्य होतं. अभिनंदन, पण वाचकांना ह्यात नवीन काय मिळेल, असं त्याने विचारलं होतं. 'वेलीमुळे गोळी निकामी' हे नवीन नाही का, असं तिने उलट लिहिलं. त्याचं उत्तर आलं नाही.

महिन्याने दादाच्या गोळीची पातळी जागेवर आली. आठवड्याभरात पापण्याही सुजल्या. पेटक्यांनी मात्र जरा उशीर केला, मग तेही जुन्या पाहुण्यासारखे आपली खोली ओळखून परत आले. पुढच्या तिमाहीत आकडा अर्ध्यावर उतरला. पहिल्या वर्षी होता तितका खाली नाही. डॉक्टर म्हणाल्या, "दिशा बरोबर आहे. आणखी सहा महिने बघू, नाहीतर दुसरी गोळी आहे." दादाने सहावरून पुन्हा चार शिकाऊ केले.

त्या रिपोर्टच्या दुसऱ्या दिवशी दुपारी पहारेकऱ्याने वर फोन केला. खाली वहिनी आली होती, ऑफिसची अर्धी रजा टाकून.

"मला बघायचंय," ती म्हणाली. "तुम्ही जे करता ते."

तिने वहिनीला एप्रन दिला. मोठा होता, बाह्या दुमडाव्या लागल्या. उबदार कपाटातून एक बाटली काढून तिने सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. वहिनी चष्मा वर सारून वाकली. बराच वेळ तिला स्वतःच्या पापण्याच दिसल्या, मग एकदम म्हणाली, "अय्या. केवढ्या आहेत! सगळ्या गोल गोल."

"ह्याच त्या. कॅन्सरच्या."

"ह्यांच्या?"

"नाही गं, दादाच्या नाहीत. एका बाईच्या आहेत. खूप वर्षांपूर्वी तिला दादासारखाच आजार होता. तिच्या रक्तातून घेतल्या, त्या तेव्हापासून जगभर वाढवताहेत."

"आणि ती?"

"ती गेली. तेव्हाच."

वहिनी वाकलेलीच राहिली. "गोळी नव्हती मिळाली तिला?"

"तेव्हा गोळी नव्हतीच."

वहिनी सरळ झाली, चष्मा नाकावर ठेवला. थोडा वेळ ती टेबलावरच्या प्लेटा, नळ्या, अर्काच्या तपकिरी बाटल्या बघत राहिली. बाटल्यांकडे बघताना तिने नजर पटकन दुसरीकडे वळवली.

"मी गेले होते त्या दुकानात," ती म्हणाली. "त्याला रिपोर्ट दाखवला. म्हटलं, ही बाटली देऊ नका कुणाला. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, काहींना लागू पडतं, काहींना नाही. माझ्यादेखत त्याने एक बाटली विकली, वन्सं. मी त्या माणसाच्या मागे रस्त्यापर्यंत गेले. तो माझ्याकडे असा बघत होता जसं माझंच डोकं फिरलंय."

"मग?"

"मग काय? घेऊन गेला."

तिला वहिनीला सांगावंसं वाटलं, की ही रोजची गोष्ट आहे, ह्याची सवय होते. पण तसं नव्हतं. तिलाही सवय झाली नव्हती.

"मग आता हे टाकून देणार सगळं?" वहिनीने बाटल्यांकडे हनुवटीने दाखवलं.

"नाही. अर्कात शंभर गोष्टी असतात. पेशी मारणारी एक असेल आणि लिव्हर चेकाळवणारी दुसरीच. तसं असेल तर वेगळ्या करता येतील. चाळीस भाग पाडलेत मी. एकेक तपासतेय."

"किती झाले?"

"अकरा."

"आणि?"

"जांभळे. अकराही."

"बाकीच्यांत सापडेल?"

तिने तोंड उघडलं आणि मिटलं. वहिनीने हात वर केला. "राहू दे. नक्की माहीत नाही, असंच म्हणाल." पण ह्या वेळी त्यात टोमणा नव्हता. एप्रन काढून तिने नीट चौकोनी घडी घातली, खुर्चीवर ठेवली. "मी निघते. ह्यांचा पाचचा शिकाऊ आहे, तो गेल्याशिवाय ते पाय वर करत नाहीत. तुम्ही साडेसातला या. कालच्यासारखं नऊ वाजवू नका, आमटी परत परत गरम केली की चव जाते."

ती गेल्यावर मुळीबाईने बाराव्या भागाची नळी उचलली आणि उजेडाकडे धरून पाहिली. फिकट, जवळजवळ पाण्यासारखा रंग. ह्यात काही असेल असं बघून तरी वाटत नव्हतं. तिने प्लेट घेतली, हातमोजे चढवले आणि पहिल्या खळग्यात थेंब सोडला.